सारणाचा पास्ता आणि ओलाव्याचा हिशेब

सारण भरलेला पास्ता घरी करताना जे काही बिघडते, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी असते. पीठ सैल मळले गेले तर पोळी लाटण्याला चिकटते, सारणात पाणी राहिले तर खालची पोळी भिजून फाटते, लाटलेली पोळी उघडी राहिली तर ती वाळते आणि कडा जुळत नाहीत, आणि मग त्या जुळाव्यात म्हणून जास्त पाणी लावले तर त्या एकमेकींवरून घसरतात. घडी कशी घालायची, कडेला मुरड कशी द्यायची, हे हाताला सवयीने जमते. पण ओलाव्याचा अंदाज चुकला तर सवयीचा हातही काही करू शकत नाही. म्हणून पुढच्या कृतीत प्रत्येक टप्प्यावर किती ओलावा हवा आणि तो कसा ओळखायचा, याकडे मी सर्वांत जास्त लक्ष दिले आहे.

उत्तर इटलीतील एमिलिया-रोमान्या हा प्रदेश अंडी घातलेल्या पास्त्याचे माहेरघर मानला जातो. बोलोन्या आणि मोदेना येथील तोर्तेलिनी, पार्मा येथील अनोलिनी आणि फेर्रारा येथील लाल भोपळ्याचे कापेल्लाच्ची हे सगळे याच पट्ट्यातले. त्याबाहेर लोम्बार्दीतील मांतुआचे भोपळ्याचे तोर्तेल्ली, पिएमोंतेमधील चिमटीने बंद केलेले आन्योलोत्ती, लिगुरियाचे रानभाज्यांचे पान्सोती आणि सार्डिनियाचे बटाट्याचे कुलुर्जोनेस प्रसिद्ध आहेत. गावागणिक नाव, आकार आणि सारण बदलते, तरी पीठ, सारण, पोळी आणि कड या चार गोष्टींची कसोटी सगळीकडे एकच राहते. येथे मुख्य कृती रिकोटा (पनीरसारखे मऊ, ताजे चीज) आणि पालक यांच्या रॅव्हिओलीची, म्हणजे सारण भरलेल्या चौकोनी पास्त्याची, दिली आहे, कारण ती नवशिक्याला पेलणारी आहे आणि ती जमली की बाकीचे प्रकार त्याच वाटेने करता येतात.

पीठ

चार माणसांसाठी 300 ग्रॅम मैदा आणि मध्यम आकाराची 3 अंडी घ्यावीत. दर 100 ग्रॅम पिठाला एक अंडे, हे एमिलियातील घरोघरी पाळले जाणारे प्रमाण आहे आणि ते विश्वासार्ह आहे. परंतु अंडी सारख्या आकाराची नसतात, म्हणून कवच काढून त्यांचे वजन करणे अधिक चांगले. 300 ग्रॅम पिठाला साधारण 160 ते 165 ग्रॅम अंडे लागते. वजन कमी भरले तर आणखी एका अंड्याचा थोडा बलक घालावा, आणि जास्त भरले तर थोडा पांढरा भाग काढून टाकावा. पांढऱ्या भागात जवळजवळ नऊ दशांश पाणी असते आणि बलकात साधारण निम्मे, त्यामुळे कोणता भाग कमी-जास्त केला यावर पीठ सैल होणार की घट्ट, हे ठरते. केवळ बलकात मळलेले पीठ रंगाने सुंदर आणि खायला हळुवार होते, पण सारणाच्या पास्त्यासाठी माझा कल सबंध अंड्यांकडे आहे, कारण त्यातील पांढऱ्या भागाची प्रथिने शिजताना आवळून येतात आणि पोळीला सारण धरून ठेवण्याइतका चिवटपणा देतात.

इटलीत यासाठी 00 या क्रमांकाचे पीठ वापरतात. हा क्रमांक पिठाची ताकद दाखवत नाही. कोंडा किती काढला आहे हे दाखवतो. इटलीच्या नियमानुसार 00 पिठात राखेचे (पीठ जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचे) प्रमाण कोरड्या वजनाच्या 0.55 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, म्हणजेच ते अगदी पांढरे आणि बारीक असते. ते नसेल तर चांगला ताजा मैदा पुरतो. पिठात मीठ किंवा तेल घालण्याची गरज नाही. मीठ सारणातून आणि उकळत्या पाण्यातून पुरेसे मिळते, आणि तेलामुळे पोळी मऊ होत असली तरी कडा एकमेकींना कमी धरतात.

अंडी खायची नसतील तर डुरम या कडक दाण्याच्या गव्हाचा बारीक दळलेला रवा 300 ग्रॅम आणि कोमट पाणी साधारण 150 मिलिलिटर घ्यावे. सार्डिनियाच्या कुलुर्जोनेससाठी डुरमच्या रव्याचे आणि पाण्याचे असेच पीठ मळतात, त्यामुळे ही तडजोड आहे असे समजू नये. या पिठाला पाणी पिण्यास जास्त वेळ लागतो, म्हणून ते सुरुवातीला भुसभुशीत वाटले तरी लगेच पाणी वाढवू नये. झाकून दहा मिनिटे ठेवावे आणि मग पुन्हा मळायला घ्यावे.

मळण्यासाठी लाकडी पाट सर्वांत चांगला, कारण लाकूड थोडा ओलावा शोषते आणि त्याच्या किंचित खरबरीतपणामुळे पीठ घसरत नाही. पिठाचा ढीग करून मध्ये रुंद खळगा करावा, त्यात अंडी फोडावीत, काट्याने हलके फेटावीत आणि कडेचे पीठ थोडे थोडे आत ओढत जावे. मिश्रण दाटसर झाले की हाताने गोळा करावे. पहिली दोन-तीन मिनिटे गोळा खडबडीत आणि कोरडा वाटतो, आणि याच वेळी पाणी घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. तळहाताच्या टाचेने पुढे ढकलणे, घडी घालणे आणि पाव वळसा फिरवणे, असे सतत आठ ते दहा मिनिटे केले की त्याच पिठाचा तुकतुकीत गोळा होतो. एवढे करूनही तळाशी कोरडा चुरा उरला तर पाणी ओतण्याऐवजी हात ओले करून मळावे. उलट गोळा बोटांना चिकटत असेल तर पाटावर चिमूटभर मैदा भुरभुरावा. तयार गोळा कानाच्या पाळीइतका मऊ, पण हाताला न चिकटणारा असावा, बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरून यावा आणि सुरीने कापल्यास आत मोठी छिद्रे दिसू नयेत.

मग तो घट्ट झाकून, कपड्यात नव्हे तर हवा न लागणाऱ्या डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळून, खोलीच्या तापमानाला अर्धा ते एक तास ठेवावा. मळताना गव्हातील ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिने पाण्याच्या संगतीने ग्लुटेनचे जाळे विणतात. ते ताणलेले असताना पोळी लाटू गेल्यास ती पुन्हा आक्रसते. विश्रांतीत ते सैलावते आणि पिठाच्या कणांत ओलावा सारखा मुरतो. ही विश्रांती वगळून कोणताही वेळ वाचत नाही, कारण तो लाटताना दुपटीने जातो. गोळा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवता येतो, मात्र अंड्याचे पीठ तेथे करडसर पडू लागते, म्हणून त्याच दिवशी वापरणे उत्तम.

सारण

पीठ विश्रांती घेत असताना सारण करता येते, परंतु त्यातील रिकोटा मात्र आधीच निथळायला ठेवलेला असावा. 300 ग्रॅम रिकोटा मलमलच्या कापडात किंवा बारीक गाळणीत घालून, खाली भांडे ठेवून, वर हलके वजन देऊन किमान दोन तास, जमल्यास रात्रभर, फ्रीजमध्ये ठेवावा. किती पाणी खाली जमते हे पाहिले की ही पायरी का सांगितली हे लगेच कळते. जे पाणी भांड्यात उतरत नाही, ते पुढे पोळीत उतरते.

300 ग्रॅम पालक निवडून, धुऊन, कोरड्याच गरम कढईत पाने कोमेजेपर्यंत परतावा. पानांना लागलेले पाणी त्यासाठी पुरेसे असते. तो थंड झाल्यावर मुठीत घेऊन पिळावा, मग कापडात गुंडाळून दोन्ही टोके उलट दिशांना पिळत पुन्हा पिळावा, आणि मगच बारीक चिरावा. मुठीने पिळून झालेल्या पालकातूनही कापडात चांगले दोन-तीन चमचे पाणी निघते. चिरल्यावर एकदा पुन्हा दाबून पाहावा.

आता निथळलेला रिकोटा, चिरलेला पालक, बारीक किसलेले 60 ग्रॅम पार्मिजानो रेज्जानो, एका अंड्याचा बलक, थोडे किसलेले जायफळ, मिरपूड आणि चवीपुरते मीठ एकत्र करावे. किसलेले चीज येथे चवीबरोबर आणखी एक काम करते: किमान बारा महिने मुरलेले हे चीज कोरडे असते, त्यामुळे ते सारणातला उरलासुरला ओलावा शोषून घेते. शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्यावे की पार्मिजानो रेज्जानो हे वासराच्या जठरातील रेनेट (दूध घट्ट करणारे विकर) वापरूनच केले जाते. ते नको असल्यास वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटचे कोणतेही जुने, कडक चीज घ्यावे. बलक शिजताना सारणाला बांधतो. सबंध अंडे घातले तर तेच सारण पातळ होते, म्हणून येथे पांढरा भाग टाळावा.

सारण चाखताना ते थोडे जास्त खारट आणि जास्त जायफळाचे वाटले पाहिजे, कारण त्याभोवती बिनमिठाच्या पिठाची पोळी येणार आहे. जीभेला नेमके वाटणारे सारण ताटात फिके लागते.

ओलाव्याची परीक्षा सोपी आहे. चमचाभर सारण कागदी रुमालावर ठेवून दहा मिनिटे थांबावे. भोवती ओले वर्तुळ जेमतेम उमटले तर सारण तयार आहे. ते बोटभर पसरले तर आणखी निथळावे किंवा चमचाभर कोरडा पावाचा चुरा मिसळून पंधरा मिनिटे मुरू द्यावे. चुरा हा उपाय आहे, पण पहिला नव्हे, कारण जास्त झाला तर सारण पिठूळ लागते. परीक्षा झाल्यावर सारण तासभर फ्रीजमध्ये ठेवून थंड आणि घट्ट करावे. कोमट सारण पोळीवर ठेवले की त्याच्या वाफेने पोळी जागच्या जागी मऊ पडते.

हाच नियम इतर सारणांना लावला की निम्मे प्रश्न सुटतात. लाल भोपळा पाण्यात उकडू नये. फोडी करून 180 अंश सेल्सियसला ओव्हनमध्ये भाजाव्यात, कुस्करून पुन्हा कढईत मंद आचेवर हलवत सुकवाव्यात, आणि उलथने ओढल्यावर तळ काही क्षण उघडा राहू लागला की थांबावे. मांतुआमध्ये या भोपळ्यात बदामाच्या आमारेत्ती बिस्किटांचा चुरा, मोहरीच्या तिखटपणाच्या पाकात मुरवलेली फळे, चीज आणि जायफळ घालतात, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी, मांस वर्ज्य असलेल्या जेवणात, हे तोर्तेल्ली आवर्जून होतात. बिस्किटांचा चुरा गोडवा देतो तसा ओलावाही पितो. मश्रूम घ्यायचे असतील तर ते बारीक चिरून, त्यांचे पाणी सुटून पूर्ण आटेपर्यंत परतावेत. बटाटे सालासकट उकडावेत आणि गरम असतानाच सोलून कुस्करावेत, म्हणजे वाफ निघून जाते. कुलुर्जोनेसमध्ये त्यांच्या जोडीला मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो चीज, पुदिना आणि लसणाचा स्वाद घातलेले ऑलिव्ह तेल येते.

मांसाच्या सारणात तोर्तेलिनीचे सारण सर्वांत काटेकोर मानावे लागेल. 7 डिसेंबर 1974 रोजी त्याची पाककृती बोलोन्याच्या वाणिज्य मंडळाकडे रीतसर नोंदवण्यात आली: डुकराच्या कमरेचे मांस 300 ग्रॅम लोण्यात परतून, प्रोशुत्तो (खारवून सुकवलेली डुकराची मांडी) 300 ग्रॅम, बोलोन्याची मोर्तादेला (डुकराच्या मांसाचा जाड सॉसेज) 300 ग्रॅम, पार्मिजानो रेज्जानो 450 ग्रॅम, 3 अंडी आणि जायफळ. चीजचे वजन कोणत्याही एका मांसापेक्षा जास्त आहे, हे पाहण्यासारखे आहे. सारण कोरडे आणि घट्ट राहते ते त्यामुळेच. मांसाचे कोणतेही सारण करताना ताजे मांस आधी पूर्ण शिजवून मगच वाटावे, कारण पास्ता पाण्यात जेमतेम तीन-चार मिनिटे असतो आणि तेवढ्यात आतले कच्चे मांस खात्रीने शिजत नाही.

पोळी लाटणे

गोळ्याचे चार भाग करावेत आणि एका वेळी एकच भाग बाहेर काढावा. उरलेले तीन झाकलेलेच राहिले पाहिजेत. माझ्या मते घरच्या पास्त्यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते या गोष्टीकडे: सगळ्या पोळ्या आधी लाटून मग सारण भरायला बसणे ही पद्धत सोयीची दिसते, पण चौथी पोळी होईपर्यंत पहिलीच्या कडा वाळलेल्या असतात. एक पोळी लाटावी, लगेच भरावी, बंद करावी आणि मगच दुसरीकडे वळावे.

यंत्र वापरत असल्यास भाग हाताने चपटा करून सर्वांत रुंद फटीतून काढावा, त्याची तीन पदरी घडी घालून पुन्हा काढावा, असे तीन-चार वेळा करावे. यामुळे पोत एकसारखा होतो आणि पट्टीच्या कडा सरळ येतात. त्यानंतर घडी न घालता एकेक क्रमांक कमी करत जावे. मधले क्रमांक वगळल्यास पोळी फाटते. हाताने लाटायचे असेल तर लांब, सरळ, मुठी नसलेले लाटणे घ्यावे. मध्यापासून बाहेरच्या दिशेने लाटावे, दर वेळी पोळी थोडी फिरवावी, आणि ती मोठी झाली की लाटण्यावर गुंडाळून तळहातांनी मध्याकडून टोकांकडे हलके ताणत उलगडावी. एमिलियातील पोळी लाटणाऱ्या स्त्रिया या पद्धतीने पाटभर रुंद आणि सर्वत्र सारख्या जाडीची पोळी करतात. हाताने लाटलेल्या पोळीचा पृष्ठभाग लाकडामुळे किंचित खरबरीत होतो आणि त्याला लोणी किंवा सॉस अधिक चांगला धरतो, म्हणून वेळ असेल तर हा मार्ग जरूर घ्यावा.

जाडी किती असावी, याचे उत्तर कडेवरून ठरवावे. सारणाभोवती एकच पदर असतो, पण कडेला दोन पदर एकत्र येतात, आणि शिजताना सर्वांत मागे राहते ती कड. म्हणून पोळी एक मिलिमीटरपेक्षा पातळ हवी. तिच्याखाली हात ठेवल्यास बोटे स्पष्ट दिसली पाहिजेत. पातळ सारणाला थोडी जाड आणि घट्ट सारणाला अधिक पातळ पोळी चालते. लाटताना पीठ भुरभुरावे लागलेच तर अगदी थोडे, आणि फक्त खालच्या बाजूला. ज्या बाजूवर सारण येणार आणि कडा चिकटणार, तेथील कोरडे पीठ कोरड्या ब्रशने झटकून टाकावे.

भरणे आणि बंद करणे

साधारण 10 सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीच्या खालच्या अर्ध्या भागावर, चार-चार सेंटिमीटरवर, 8 ते 10 ग्रॅम सारणाचे छोटे ढीग ठेवावेत. चमच्यापेक्षा टोक कापलेली पिशवी वापरल्यास सारण कडांवर सांडत नाही. कडेवर सारणाचा कणभर तेलकट अंश आला तरी तेथील पोळी चिकटत नाही. पीठ ताजे आणि झाकलेले असेल तर पाण्याची मुळीच गरज पडत नाही. पोळी थोडी वाळली असेल तर पाण्यात बुडवून झटकलेले बोट सारणाभोवती एकदाच फिरवावे, इतके की पोळी चमकेल पण ओघळ येणार नाही. फेटलेले अंडे लावण्याची पद्धत काही ठिकाणी सांगतात. मी तिची शिफारस करणार नाही, कारण त्याने आधीच जाड असलेली कड आणखी जाड आणि रबरासारखी होते.

वरचा भाग सारणावर दुमडावा आणि घडीच्या बाजूने बोटांनी दाबत उघड्या कडेकडे यावे, म्हणजे आतली हवा बाहेर ढकलली जाते. या कामात घाई करू नये. आत अडकलेली हवा गरम पाण्यात प्रसरण पावते आणि जिथे कड कच्ची असेल तिथून बाहेर पडते. त्याच वाटेने पाणी आत शिरते. बुडबुडा राहिलाच तर सुईच्या टोकाने टोचून तो दाबून टाकावा आणि छिद्र चिमटीने बंद करावे. मग सारणाभोवती दोन्ही पदर इतके दाबावेत की कडेची जाडी एका पदराइतकीच वाटेल, आणि कातणाने किंवा सुरीने चौकोन कापावेत. कडेला सेंटिमीटरभर पोळी ठेवली की पुरते. त्याहून रुंद कड म्हणजे तोंडात येणारे नुसते पीठ. दिलेल्या प्रमाणात अशा 50 ते 60 रॅव्हिओली होतात.

हात बसल्यावर दुसरे आकार करून पाहावेत. पिएमोंतेच्या आन्योलोत्तीसाठी सारणाचे बारीक ढीग ओळीने, दोन सेंटिमीटरच्या अंतराने ठेवून पोळी त्यांच्यावरून दुमडतात, प्रत्येक दोन ढिगांमध्ये अंगठा आणि तर्जनीने उभी चिमटी घेतात, आणि मग कातण घडीच्या दिशेने फिरवून चिमट्यांवर कापतात. कापताना प्रत्येक तुकडा स्वतःवरच कलंडतो आणि त्याला छोटा खिसा पडतो, ज्यात पुढे लोणी साचते. तोर्तेलिनीसाठी तीन ते चार सेंटिमीटरचा चौकोन घेऊन त्यावर चिमूटभर सारण ठेवावे, त्रिकोण दुमडून कडा दाबाव्यात, आणि त्रिकोणाची दोन टोके करंगळीच्या टोकाभोवती आणून एकमेकांवर दाबावीत. एवढ्या लहान चौकोनात पोळी क्षणात वाळते, म्हणून एका वेळी थोडेच चौकोन कापावेत. कुलुर्जोनेससाठी सात-आठ सेंटिमीटरची गोल पोळी हाताच्या खोबणीत धरून, सारण ठेवून, एका टोकापासून एकदा डावीकडची आणि एकदा उजवीकडची चुणी आत ओढत मुरड घालत जातात, आणि शेवटी गव्हाच्या लोंबीसारखी नक्षी उमटते. पूर्व सार्डिनियाच्या ओल्यास्त्रा भागातील या पदार्थाला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. ही मुरड शिकायला वेळ लागतो, पण ती नुसती शोभेची नाही. प्रत्येक चुणी मागच्या चुणीला दाबून धरत असल्याने कड सहसा उघडत नाही.

झालेले तुकडे डुरमचा रवा भुरभुरलेल्या ताटात, एकमेकांना न लागतील असे ठेवावेत. येथे मैदा वापरू नये, कारण तो ओलावा शोषून लगदा होतो आणि पुढे पाणीही गढूळ करतो. रव्याचे कण सुटे राहतात आणि पाण्यात तळाशी जातात. पंधरा-वीस मिनिटांनी तुकडे उलटावेत, म्हणजे सारणाचा ओलावा एकाच बाजूला उतरत नाही.

शिजवणे आणि वाढणे

मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी उकळून त्यात लिटरमागे साधारण 10 ग्रॅम मीठ घालावे, आणि वरील सगळा पास्ता दोन हप्त्यांत शिजवावा. पाणी उकळल्यावर तुकडे सोडावेत, एकदा हलक्या हाताने हलवावे, आणि आच इतकी कमी करावी की पाणी हलत राहील पण खदखदणार नाही. खळखळत्या उकळीत तुकडे एकमेकांवर आणि भांड्यावर आपटून फुटतात. तुकडे वर तरंगू लागले म्हणजे शिजले, असे अनेकजण मानतात. आतली उरलेली हवा आणि वाफ फुगल्यानेही ते वर येतात, म्हणून तरंगणे हे शिजल्याचे प्रमाण धरू नये. एक तुकडा काढून त्याची कड चावून पाहावी; दोन पदरांच्या मधोमध कोरडी पांढरी रेघ दिसत असेल तर आणखी अर्धा मिनिट द्यावा. ताज्या रॅव्हिओलीला तीन-चार मिनिटे लागतात, लहान तोर्तेलिनीला दोन-तीन. चाळणीत ओतून पाणी काढू नये, कारण वजनाने खालचे तुकडे चेपतात. झाऱ्याने थोडे थोडे काढून थेट पसरट तव्यात घालावेत.

सॉसबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण चव आत आहे आणि बाहेरच्याने ती झाकायची नाही. रिकोटा-पालक आणि भोपळा या दोन्हींसाठी 60 ते 80 ग्रॅम लोणी पसरट तव्यात वितळवून त्यात सेज या सुगंधी वनस्पतीची आठ-दहा पाने कुरकुरीत करावीत, पास्त्याचे पळीभर पाणी घालून तवा हलवावा आणि पास्ता त्यात अर्धा मिनिट घोळवावा. पाण्यात उतरलेल्या पिठामुळे लोणी आणि पाणी एकजीव होऊन तुकड्यांना पातळ, चमकदार थर बसतो. पान्सोतीबरोबर लिगुरियात अक्रोडाचे वाटण घेतात, कुलुर्जोनेसबरोबर साधा टोमॅटोचा सॉस, आणि तोर्तेलिनी बोलोन्यात खस्सी केलेल्या कोंबड्याच्या रसात शिजवून त्याच रसात वाढतात. मांसाच्या तोर्तेलिनीवर दाट मलईचा सॉस ओतणे मला पटत नाही. सारणातले जायफळ आणि जुने चीज त्याखाली ओळखूच येत नाही.

साठवण

ओल्या सारणाचा पास्ता फ्रीजमध्ये काही तासच चांगला राहतो, कारण सारणातले पाणी हळूहळू पोळीत उतरत असते. खोलीच्या तापमानाला अंडी, चीज किंवा मांस असलेले तुकडे दोन तासांहून अधिक ठेवू नयेत. त्याच दिवशी खायचे नसतील तर ते गोठवणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. रवा भुरभुरलेल्या ताटात तुकडे सुटे ठेवून फ्रीझरमध्ये दोन तास कडक होऊ द्यावेत आणि मग पिशवीत भरून, हवा काढून बंद करावेत. असे ते महिना-दोन महिने चवीने टिकतात. शिजवताना ते वितळू देऊ नयेत, कारण वितळताना पोळीवर पाणी सुटते आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. गोठलेलेच उकळत्या पाण्यात सोडावेत, एका वेळी थोडे घालावेत म्हणजे पाण्याची उकळी मोडणार नाही, आणि नेहमीच्या वेळेपेक्षा एक ते दोन मिनिटे जास्त द्यावीत. बटाट्याचे सारण गोठवल्यावर कधी कधी दाणेदार होते आणि पाणी सोडते, त्यामुळे त्या प्रकारात पेकोरिनोचे प्रमाण थोडे वाढवावे किंवा तो ताजाच खावा.

कापताना उरलेले पोळीचे तुकडे पुन्हा मळून लाटण्याचा प्रयत्न करू नये. त्यांच्या कडा वाळलेल्या असतात आणि नव्या पोळीत त्यांच्या गाठी राहतात. इटलीत अशा वेड्यावाकड्या तुकड्यांना माल्तालियाती म्हणतात आणि ते कडधान्यांच्या सूपमध्ये शेवटची दोन-तीन मिनिटे शिजवून खातात. ते पसरून पूर्ण वाळवून ठेवले तर दुसऱ्या दिवशीच्या सूपला उपयोगी पडतात.